उपग्रहचित्रांत विमाने ओळखणारी प्रणाली कृत्रिम चित्रांवर कशी तपासावी?

उपग्रहचित्रांतली विमाने आपोआप ओळखणारे मॉडेल, म्हणजे उदाहरणे दाखवून शिकवलेली संगणक-प्रणाली, तुमच्याकडे आहे. हिवाळ्यातल्या लांब सावल्यांत ते गडबडते का, हे पाहायला तशी खरी चित्रे पुरेशी मिळत नाहीत. ती संगणकावर तयार करता येतात.

आधी प्रश्न नेमका ठरवा. ‘मॉडेल चांगले आहे का?’ याला उत्तर नसते. ‘सूर्य क्षितिजापासून 20 अंशांवर असताना किती विमाने निसटतात?’ याला असते.

दृश्ये रचायला ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे बनवणारे मोफत सॉफ्टवेअर पुरते. खऱ्या चित्रांसाठी 2020 चा ‘रेअरप्लेन्स’ हा खुला संच घ्या. त्यात वर्ल्डव्ह्यू-3 उपग्रहाची 253 दृश्ये असून सुमारे 14,700 विमाने माणसांनी खुणा करून दाखवली आहेत.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, आणि तिथेच सगळी चाचणी फसते. एक खरे चित्र निवडून त्याचे जुळे ब्लेंडरमध्ये उभे करा: तेच विमान, तीच दिशा, सूर्याची तीच उंची, एका पिक्सेलला सुमारे 30 सेंटीमीटर जमीन. संगणकाचे चित्र फार स्वच्छ येते, म्हणून थोडा धूसरपणा आणि नॉइज (खऱ्या चित्रात असतात तसे बारीक ठिपके) मिसळा. अशा तीस-चाळीस जोड्या मॉडेलला दाखवा. खऱ्या चित्रात सापडलेली विमाने जुळ्यात वारंवार निसटत असतील, तर आधी आपले चित्र सुधारा. तोवर मॉडेलला नापास करू नका.

जोड्या जुळल्या की फक्त सूर्य खाली आणा: 60 अंश, 50, 40, असे 20 पर्यंत. बाकी कशालाही हात लावू नका.

मग विमान काढून टाका, तीच मोकळी जागा दाखवा आणि मॉडेलला तरीही तिथे विमान दिसते का ते पाहा. ही पायरी मला फार मोलाची वाटते. 1990 च्या दशकात अमेरिकेत रणगाडे आणि लष्करी वाहनांच्या रडार-चित्रांचा ‘एमस्टार’ हा संच तयार झाला. पुढे संशोधकांना आढळले, की वाहन वगळून नुसती भोवतालची जमीन दाखवली, तरी ते कोणते वाहन होते हे प्रणाली बऱ्याचदा ओळखते. कारण प्रत्येक वाहनाचे चित्रण ठरावीक जागी झाले होते. तुमचे मॉडेलही विमानाऐवजी धावपट्टीशेजारच्या पिवळ्या रेघा पाठ करून बसलेले असू शकते.

मॉडेलला शिकवतानाही कृत्रिम चित्रे वापरली असतील, तर त्यांतली त्रिमितीय विमाने चाचणीत पुन्हा वापरू नका. अहवालात खऱ्या आणि कृत्रिम चित्रांचे आकडे वेगळ्या रकान्यांत लिहा. त्यांची सरासरी काढू नका.