बोटे, झोप आणि पगार: लहान प्रेस शॉपच्या मालकाने काय आणि कसे सांभाळावे

भोसरी, चाकण, तळवडे किंवा नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात पत्र्याच्या शेडखाली चार-सहा पॉवर प्रेस, म्हणजे साच्यात पत्रा दाबून कापणारी आणि वाकवणारी यंत्रे, लावून गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांना ब्रॅकेट, क्लिपा आणि वॉशर पुरवणारे आपल्यासारखे असंख्य छोटे कारखानदार आहेत. माझ्याकडे चौदा माणसे काम करतात. एवढ्या लहान ठिकाणी सुरक्षा अधिकारी नसतो आणि मनुष्यबळ विभागही नसतो. पत्र्याची खरेदी, डिस्पॅच, पगार आणि दवाखाना हे सगळे मालकच पाहतो. म्हणूनच मशीनची सुरक्षितता, कामगाराची तब्येत आणि पगाराचा हिशेब हे तीन वेगळे विषय आहेत असे मानून चालणे आपल्याला परवडत नाही.

हे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी ओव्हरटाइमच्या तिसऱ्या तासाला तीस टनी प्रेसवर आमच्या एका ऑपरेटरच्या तर्जनीचे टोक गेले. चौकशी केली तेव्हा समजले की त्या प्रेसने तीन दिवसांत दोनदा, पायडल न दाबता, डबल स्ट्रोक मारला होता, म्हणजे एका ठोक्यानंतर आपोआप दुसरा ठोका दिला होता, आणि आमच्या सेटरला, म्हणजे साचे बसवणाऱ्या कारागिराला, ते माहीत होते. त्याने सांगितले नाही, कारण आदल्याच आठवड्यात त्याने दुसरी एक प्रेस दुरुस्तीसाठी बंद ठेवू का, असे विचारले तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो होतो, "उद्या सकाळी गाडी लागणार आहे, आधी ते बघ." प्रेसच्या क्लचमधली 'की', म्हणजे खिट्टी, झिजली होती हे खरे, पण माणूस माझ्याकडे येऊन सांगू शकत नव्हता, हा बिघाड माझ्या हातून झाला होता. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका बिघाडाच्या दुरुस्तीतून आले आहे.

आधी हात पाहावा

धोका शोधण्यासाठी छापील तक्ता भरण्यापूर्वी प्रत्येक प्रेससमोर दहा मिनिटे उभे राहावे आणि ऑपरेटरच्या चेहऱ्याकडे न पाहता फक्त त्याच्या हातांकडे पाहावे. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवताना बोटे कुठपर्यंत जातात, जॉब कशाने बाहेर काढला जातो, आणि विशेषतः ठरलेल्या क्रमाबाहेर हात कधी आत जातो, हे लक्षात घ्यावे. आमच्याकडे असे पाहिल्यावर दिसले की दर पंधरा-वीस जॉबनंतर एक छोटा तुकडा तेलामुळे पंचाला, म्हणजे साच्याच्या वरच्या भागाला, चिकटून राहत होता आणि ऑपरेटर तो नखाने ओढून काढत होता. चिमटा शेजारीच पडलेला होता, पण त्याने तुकडा पकडला जात नव्हता. अशा वेळी "चिमटा वापर" असे ओरडून काही होत नाही. पंचामध्ये स्प्रिंगची एक छोटी पिन बसवल्यावर तुकडा आपोआप खाली पडू लागला आणि हात आत जाण्याचे कारणच संपले.

हाच क्रम सगळीकडे ठेवावा. प्रथम हात आत जाण्याची गरज काढून टाकावी. ते जमत नसेल तर हात आत जाऊच शकणार नाही अशी जाळी किंवा गार्ड बसवावे. नियम, पाट्या आणि हातमोजे यांचा क्रमांक त्यानंतर येतो. बहुतेक ठिकाणी सुरुवात हातमोज्यांपासून होते आणि तिथेच संपते. धारदार पत्रा उचलताना हातमोजे हवेतच, मात्र ड्रिल मशीनसारख्या फिरत्या भागाजवळ तेच हातमोजे अडकून हात ओढला जातो, म्हणून तिथे ते घालू देऊ नयेत. अंगठी, घड्याळ, मनगटाचा दोरा आणि लोंबणारी बाही यांनाही तोच नियम लावावा.

आपल्याकडच्या जुन्या प्रेसबद्दल एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. यातल्या बहुतेक 'की क्लच'च्या असतात. पायडल दाबल्यावर 'की' फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, गुंतते आणि रॅम, म्हणजे पंच खाली-वर नेणारा भाग, पूर्ण फेरी मारूनच थांबतो. अर्ध्या वाटेत त्याला थांबवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसवर प्रकाशकिरणांचा सेन्सर बसवून निश्चिंत होणे धोक्याचे आहे, कारण सेन्सरने हात पाहिला तरी रॅम थांबणार नाही. की क्लचच्या प्रेसला पक्के गार्डच लागते, आणि ते अशा अंतराचे हवे की पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. दोन्ही हातांनी दाबायची बटणे चांगली, परंतु की किंवा तिची स्प्रिंग झिजली तर प्रेस बटणांशिवायही दुसरा स्ट्रोक मारू शकते, म्हणून गार्डला पर्याय समजून ती बसवू नयेत. पायडलवर वरून झाकण असावे, म्हणजे हातातून निसटलेला जॉब त्यावर पडून स्ट्रोक बसणार नाही. की, स्प्रिंग आणि ब्रेकचे अस्तर कधी तपासले, कधी बदलले, याची तारीख खडूने नव्हे तर रंगाने प्रेसच्या अंगावरच लिहावी.

डाय बदलताना होणारे अपघात वेगळे असतात. मोटार बंद केल्यानंतरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, रॅमखाली ठोकळा लावावा आणि मेन स्विचला कुलूप घालून किल्ली सेटरने स्वतःच्या खिशात ठेवावी. हे कुलूप साधेच असते, पण दुसऱ्या कोणी नकळत स्विच चालू करण्याची शक्यता त्याने संपते.

विजेबाबत थोडक्यात: 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा, महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे आणि पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे.

"थोडक्यात वाचलो" वही

अपघाताची नोंदवही सगळेच ठेवतात. आम्ही तिच्याशेजारी शंभर पानी दुसरी वही ठेवली आहे आणि तिच्यावर "थोडक्यात वाचलो" असे लिहिले आहे. डबल स्ट्रोक, घसरलेला पाय, अंगावर येता येता राहिलेली पत्र्याची कॉइल, ठिणगी, चक्कर असे काहीही तिच्यात लिहिता येते. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. हिंदीत लिहिले तरी चालते, कारण आमची निम्मी माणसे बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. नाव लिहिण्याची सक्ती नाही.

अशी वही टिकते ती दोन गोष्टींमुळे. वहीत लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल दंड, टोमणा किंवा हजेरीतली काटछाट कधीही होता कामा नये. आणि प्रत्येक नोंदीखाली मालकाने काय केले, हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लिहिलेच पाहिजे, मग उत्तर "सुटा भाग मागवला आहे, तोपर्यंत प्रेस बंद" एवढेच का असेना. सुरुवातीचे दोन महिने आमची वही कोरी राहिली. तिसऱ्या महिन्यात सेटर स्वतः म्हणाला, "शेठ, दोन नंबरची प्रेस परत डबल मारायला लागली आहे." त्या दिवशी माल जायचा होता, तरी मी सर्वांच्या देखत प्रेस बंद केली आणि ग्राहकाला फोन करून एक दिवस मागून घेतला. त्यानंतर वही भरू लागली.

प्रेस थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे, हे तोंडी सांगून पुरत नाही. नगावर पैसे देत असाल तर प्रेस बंद असलेल्या वेळेचे पैसे कसे मिळणार, हे आधी ठरवून सांगावे. नाहीतर सुरक्षिततेची किंमत कामगार आपल्या खिशातून भरतो आणि मग गार्ड काढून ठेवले जाते. ठेकेदाराकडून आलेल्या मुलांच्या बाबतीत हे जास्त जपावे लागते, कारण नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी सर्वांत खराब प्रेसवर बसवण्याची वाईट पद्धत सगळीकडे आहे. पहिला आठवडा त्याला अनुभवी ऑपरेटरशेजारीच ठेवावे.

झोप, उन्हाळा आणि घरची काळजी

आठ तासांनंतरचा तिसरा आणि चौथा तास किती महाग असतो, हे मी पाहिले आहे. आता आमच्याकडे सलग तीन दिवसांपेक्षा जास्त कोणालाही ओव्हरटाइम देत नाही आणि ओव्हरटाइममध्ये प्रेसऐवजी पॅकिंग, डिबरिंग (जॉबच्या धारदार कडा घासणे), मोजणी अशी कामे देतो. ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट दराने देणे कायद्याने बंधनकारक आहेच, शिवाय दुप्पट दर दिल्यावर मालकालाही आपले नियोजन सुधारावेसे वाटते.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली दुपारी उभे राहणे कठीण होते. छतावर हवेने फिरणारे पंखे बसवावेत, जड कामे सकाळी उरकावीत, गार पाण्याची सोय प्रेसपासून दूर नसावी आणि दुपारी ताक किंवा ओआरएस द्यावे. आवाजाचे म्हणाल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल तर कानांसाठी प्लग हवेतच. आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल मानली जाते आणि चार-पाच प्रेस एकदम चालू असताना ती ओलांडली जाणे नवल नाही.

मनाच्या स्वास्थ्याबद्दल बोलताना आपण मालक अवघडतो. जो माणूस सहसा चुकत नाही तो अचानक जॉब उलटा लावू लागला, डबा न खाता बसू लागला किंवा दर सोमवारी गैरहजर राहू लागला, तर त्याला केबिनमध्ये बोलावून जाब विचारण्यापेक्षा चहाच्या वेळी शेजारी बसून "घरी सगळे ठीक आहे ना?" असे विचारावे आणि मग गप्प राहून ऐकावे. आमच्या एका ऑपरेटरची दोन महिन्यांची मुलगी रात्रभर जागवत होती. त्याला तीन आठवडे प्रेसवरून हलवून तपासणीच्या टेबलावर बसवले, एवढेच पुरले. प्रत्येक वेळी एवढे सोपे नसते. निराशा, दारू किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलण्यात डोकावला तर उपदेश न करता डॉक्टरांपर्यंत सोबत जावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आम्ही हात धुण्याच्या नळाजवळ लावला आहे, कारण सूचनाफलकापुढे उभे राहून तो टिपून घेण्याचा संकोच वाटतो.

पैशांची चिंता हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. उचल दिली असेल तर ती किती हप्त्यांत कापणार, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी; एकूण कपात पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही, आणि मला विचाराल तर उचलीचा हप्ता त्याहून पुष्कळच कमी असावा.

कागद आधी तयार हवेत

21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे आपल्या सल्लागाराकडून नोंदणी, नोंदवह्या आणि नेमणूकपत्रे एकदा नव्याने तपासून घ्यावीत. नेमणूकपत्र कामगाराला कळेल अशा भाषेत द्यावे.

दहा किंवा अधिक माणसे असतील तर राज्य विमा, म्हणजे ईएसआयसी, टाळण्याचा विचारही करू नये. 1 जानेवारी 2017 पासून यासाठीची वेतनमर्यादा 21,000 रुपये झाली आणि 1 जुलै 2019 पासून मालकाचा वाटा 3.25 टक्के व कामगाराचा 0.75 टक्के झाला. म्हणजे 16,000 रुपये पगारावर मालकाचे 520 आणि कामगाराचे 120 रुपये. त्या बदल्यात काम करताना दुखापत झाली तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते आणि बरे होईपर्यंत सुमारे 90 टक्के वेतन मिळत राहते. माणूस रुजू होईल त्याच दिवशी त्याची नोंद करावी. "आधी महिनाभर टिकतो का बघू" असे म्हणून थांबू नये, कारण नवख्यालाच दुखापत होण्याचा संभव अधिक असतो. जे मर्यादेबाहेर आहेत त्यांच्यासाठी भरपाईची वेगळी विमा पॉलिसी घ्यावी.

पॅकिंगला किंवा तपासणीला स्त्रिया असोत वा नसोत, दहा माणसांच्या ठिकाणी 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीतील बाहेरच्या सदस्याचे नाव आणि फोन भिंतीवर लावावा.

अपघात झालाच तर

मशीन बंद करावी, जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा आणि 108 ला फोन करावा. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ, ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. त्याने मांस खराब होते. तुटलेले बोट जोडण्याची सोय जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे आजच फोन करून विचारून ठेवावे. गाडीत बसल्यावर शोधाशोध सुरू केली तर मोलाचा वेळ जातो.

ईएसआयसीकडे अपघाताचा अहवाल 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावा, आणि त्यात "कामगाराचा निष्काळजीपणा" असे सवयीने लिहू नये. प्रेस, डाय, वेळ आणि गार्डची स्थिती जशी होती तशी लिहावी. त्याच संध्याकाळी घरच्यांना स्वतः भेटावे. उपचार संपल्यावर वैद्यकीय मंडळ कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवते आणि त्यावर पुढील लाभ ठरतो, म्हणून अहवालाची प्रत, त्या महिन्याची हजेरी आणि पगारपत्रक यांचा एक संच कामगाराच्या हातात आधीच द्यावा. तो कामावर परतला की पहिले काही आठवडे त्याला प्रेसवर बसवू नये, पगार मात्र पूर्वीचाच ठेवावा, आणि पुन्हा प्रेसवर बसायचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे. आमच्या त्या ऑपरेटरने नको म्हटले. तो आता स्टोअर पाहतो, आणि दर शनिवारी चावीच्या जुडग्यासोबत "थोडक्यात वाचलो" वही माझ्या टेबलावर आणून ठेवतो.