गाडीतून आवाज येतोय? आधी 'केव्हा' ते शोधा

गॅरेजमध्ये आपण सांगतो, "पुढून आवाज येतोय." मेकॅनिक एक चक्कर मारून येतो, नेमका तेव्हा आवाज येत नाही आणि मग अंदाजाने एखादा पार्ट बदलला जातो. माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप असेच बदलले गेले, तरी खडखड होती तशीच राहिली. दोष निघाला स्टॅबिलायझर बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या, गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकमध्ये, म्हणजे त्या मानाने फारच स्वस्त वस्तूत. आवाज पत्र्यातून फिरत येतो, त्यामुळे कुठून येतोय हे सांगताना कान सहज फसतात. केव्हा येतोय हे मात्र नेमकं सांगता येतं.

सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून करा. दारातल्या बाटल्या, ग्लोव्ह बॉक्समधली चिल्लर, डिकीतला जॅक आणि पाना बाहेर काढा. स्टेपनी घट्ट आहे ना, नंबर प्लेट सैल नाही ना, हे हाताने हलवून पाहा. बऱ्याचदा शोध इथेच संपतो.

नाही संपला, तर कुणाला तरी सोबत घेऊन मोकळ्या, सपाट रस्त्यावर जा. गाणी आणि एसी बंद करा, काचा खाली घ्या. सोबतच्या माणसाला फोनवर आवाज रेकॉर्ड करू द्या. लांब कंपाउंडच्या भिंतीलगत २०च्या वेगाने गाडी नेली, की भिंतीवरून परतणारा आवाज जास्त स्पष्ट ऐकू येतो.

आता मुख्य चाचणी. मागेपुढे कुणी नाही हे पाहून ५०-६०च्या वेगात क्लच पूर्ण दाबा. इंजिनाचे आरपीएम (फिरण्याचा वेग) उतरले तसा आवाजही उतरला, तर कारण इंजिनाकडे किंवा सायलेन्सरकडे आहे. तो तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू कमी झाला, तर चाकांकडे पाहा. इंजिन मात्र चालत्या गाडीत कधीही बंद करू नका. ब्रेक कडक होतात, स्टिअरिंग जड होतं. घाटाच्या उतारावर तर ही चाचणी नकोच. ऑटोमॅटिक गाडी असेल, तर उभ्या गाडीत, पार्कमध्ये, हँडब्रेक ओढून रेस देऊन ऐका.

चाकांकडून वेगाबरोबर वाढणारी घुंऽऽ अशी घरघर येत असेल, तर संशय दोघांवर असतो: टायर आणि व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग). मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर टायरचा आवाज एरवीही मोठाच येतो. डांबरी रस्त्याला लागल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा, तसाच राहिला तर बेअरिंगचा. डावीकडच्या लांब वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तिथे घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग गेलेलं असतं. वेगाबरोबर वाढणारी नुसती टिकटिक असेल, तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा किंवा खिळा शोधा. खिळा रस्त्यात उपटू नका, हळूहळू पंक्चरवाल्याकडे जा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट येते? मग चाकामागे वाकून ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं, रबरी बूट पाहा. ते फाटलं की ग्रीस उडून आजूबाजूला माखतं आणि आत चिखल-माती शिरते. कटकट सुरू होण्याआधीच फाटलेलं बूट लक्षात आलं, तर आतला जॉइंट, म्हणजे तो सांधा, वाचू शकतो. म्हणून पावसाळ्यानंतर एकदा तिथे नजर टाकाच.

स्पीडब्रेकरवरच्या खडखडीसाठी माझी एक चाचणी आहे. एकदा सरळ जा, दोन्ही चाकं एकदम चढू द्या. मग तिरके जा. दोन्ही चाकं सारखीच वर गेली, तर स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही. तिरकं जातानाच खडखड वाढली, तर शॉकअपच्या आधी त्या बारची लिंक आणि रबरी बुश तपासायला सांगा.

ब्रेकचं वेगळं. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे सकाळचे पहिले काही ब्रेक खरवडल्यासारखे लागतात. डिस्कवरचा गंज पुसला गेला की आवाज थांबतो. रोजच ब्रेक लावताना बारीक चीं येत असेल, तर पॅड झिजत आल्याची ती सूचना असू शकते. पॅडचा थर ३ मिलिमीटरवर आला की बदला. खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर डिस्क खरवडली जात आहे, तशी गाडी चालवू नका. खडीच्या रस्त्यानंतर ब्रेक न लावताही अचानक कर्कश आवाज सुरू झाला, तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असू शकतो. सुरक्षित जागी गाडी हळू मागेपुढे केली की तो अनेकदा गळून पडतो.

इंजिनाचं थोडक्यात: सकाळी चालू करताच चीं आली तर बेल्ट पाहा. चढावर वरच्या गिअरमध्ये टकटक झाली तर खालचा गिअर टाका.

दोन वेळा मात्र चाचण्या करत बसू नका. ऑइलचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित बाजूला थांबून लगेच इंजिन बंद करा. चाकाकडून धपधप आणि स्टिअरिंगला थरथर जाणवली, विशेषतः नुकतीच स्टेपनी बदलली असेल तर, थांबून चाकाचे नट तपासा.

गॅरेजमध्ये जाताना चिठ्ठी न्या: "४०च्या पुढे घुंऽऽ. क्लच दाबला तरी तसाच. डाव्या वळणावर वाढतो. डांबर-काँक्रीट सारखाच." किल्ली देऊन परत येऊ नका, मेकॅनिकला शेजारी बसवून तोच रस्ता, तोच वेग दाखवा. पार्ट बदलल्यावर पुन्हा त्याच रस्त्याने एक फेरी मारा आणि मगच बिल द्या.