सांगली-साताऱ्याहून इंग्लंडला आलात आणि दिवस गेलेत: रजा, पगार आणि नर्सरीचा हिशोब

मिरज, कराड, विटा, फलटण, वाई अशा गावांतून नर्सिंगच्या, आयटीच्या किंवा नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडला येणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न असतो, हॉस्पिटलचं बिल किती येईल? बिल येत नाही. व्हिसा काढताना वर्षाला 1,035 पौंडांप्रमाणे हेल्थ सरचार्ज भरला आहे (नर्सिंगच्या हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो माफ असतो), त्यात तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण, सिझेरियन सगळं आलं. खरा खर्च दुसरीकडे आहे. रजेत पगार बुडतो आणि परत कामावर जाताना नर्सरीचा, म्हणजे पाळणाघराचा, खर्च उभा राहतो. यातलं बरंच काही पाचवा-सहावा महिना सरेपर्यंत ठरून जातं, म्हणून हे आत्ताच वाचलेलं बरं.

पुण्यात नोकरी करून आलेल्यांच्या डोक्यात 26 आठवडे पूर्ण पगारी रजा असते, कारण भारतात 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी कायदा तसा आहे. इथे रजा लांब, पैसा आखूड. नोकरदार बाईला 52 आठवडे रजा घेता येते. कायद्याने मिळणारा मॅटर्निटी पे, ज्याला सगळे एसएमपी म्हणतात, 39 आठवडेच मिळतो. पहिले 6 आठवडे सरासरी पगाराच्या 90 टक्के आणि पुढचे 33 आठवडे ठरावीक रक्कम, जी एप्रिल 2025 पासूनच्या वर्षाला आठवड्याला 187.18 पौंड होती (पगाराचे 90 टक्के त्याहून कमी भरत असतील तर तेवढेच). दर एप्रिलला आकडा बदलतो. उरलेले 13 आठवडे बिनपगारी.

महिना 3,000 पौंड पगार धरून पाहा. आठवड्याला 692 होतात, त्याचे 90 टक्के 623, सहा आठवड्यांचे साधारण 3,740. पुढच्या 33 आठवड्यांचे 6,177. नऊ महिन्यांत एकूण 9,900 च्या आसपास, तेही टॅक्स कापायच्या आधी. कामावर असता तर तेवढ्याच काळात 27,000 झाले असते. म्हणजे सतरा हजारांची तूट. आधी कंपनीची पॉलिसी वाचा, कारण काही ठिकाणी कायद्यापेक्षा जास्त देतात. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, प्रसूतीच्या आठवड्याआधीच्या अकराव्या आठवड्यापर्यंत सलग 12 महिने नोकरी झाली असेल, तर 8 आठवडे पूर्ण पगार, 18 आठवडे अर्धा पगार अधिक एसएमपी, मग 13 आठवडे नुसता एसएमपी. अट एकच: नंतर किमान तीन महिने एनएचएसमध्ये काम करायचं, नाहीतर जास्तीचे पैसे परत मागतात.

आता तारखांचं गणित, आणि चुका इथेच होतात. डॉक्टरांनी दिलेली तारीख ज्या आठवड्यात पडते त्याच्या आधीचा पंधरावा आठवडा हा कळीचा आठवडा. 15 ऑक्टोबर 2025 ही तारीख असेल, तर तो आठवडा 29 जून ते 5 जुलै. त्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग 26 आठवडे झालेले लागतात. उलटं मोजलं की कळतं, शेवटची पाळी आली त्या सुमारास तुम्ही त्या नोकरीत असायलाच हव्यात. दिवस गेल्यावर नोकरी बदललीत तर नव्या कंपनीकडून एसएमपी विसरा. जास्त पगाराची ऑफर हातात असताना हे कुणी सांगत नाही. अशा वेळी मालकाकडून एसएमपी-1 फॉर्म (एसएमपी का मिळत नाही ते सांगणारा) घ्यायचा आणि सरकारकडे मॅटर्निटी अलाउन्स मागायचा. त्यासाठी प्रसूतीच्या आधीच्या 66 आठवड्यांत 26 आठवडे काम आणि त्यातल्या 13 आठवड्यांत आठवड्याला किमान 30 पौंड कमाई पुरते. रक्कम 39 आठवडे, जास्तीत जास्त तीच 187.18, आणि तिच्यावर टॅक्स नाही. एसएमपी काय, हा अलाउन्स काय, दोन्ही ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांना बंद असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाहीत, त्यामुळे व्हिसाची भीती न बाळगता घ्या.

सरासरी पगार कुठल्या महिन्यांचा धरतात? कळीच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंतच्या शेवटच्या पगारापासून मागचे साधारण आठ आठवडे. वरच्या उदाहरणात पगार 28 तारखेला होत असेल तर मे आणि जून, हे दोनच पगार मोजले जातात. त्या दोन महिन्यांत जादा शिफ्ट, ओव्हरटाइम, बोनस आला तर पहिल्या सहा आठवड्यांचा आकडा वाढतो. उलट मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला बिनपगारी रजा टाकून पलूसला गेलात, तर तो आकडा खाली येतो. सरासरी आठवड्याला 125 पौंडांच्या खाली गेली (2025-26 ची मर्यादा) तर एसएमपीच मिळत नाही. गावी जायचंच असेल तर पगारी सुट्टी वापरा.

सॅलरी सॅक्रिफाइसकडेही बघा. पगारातून कंपनीमार्फत इलेक्ट्रिक गाडी, सायकल किंवा पेन्शन घेतलं असेल तर कागदावरचा पगार कमी होतो आणि एसएमपी त्याच कमी पगारावर निघतो. चौथा महिना लागायच्या आत एचआरला विचारा की थोड्या काळासाठी हे थांबवता येतं का. पेन्शनमधून मात्र उठसूट बाहेर पडू नका, मालकाचा हिस्साही जातो. कापायची पद्धत बदलता येते का, एवढंच विचारा.

कंपनीला लेखी कळवायची शेवटची मुदत म्हणजे तोच पंधरावा आठवडा. बरोबर मॅट-बी-1, म्हणजे प्रसूतीची तारीख दाखवणारं सर्टिफिकेट जोडायचं. ते मिडवाइफ किंवा डॉक्टर 20 आठवड्यांनंतर देतात, न मागता क्वचितच हातात पडतं. पण त्याही आधी कळवण्यात फायदा आहे. कळवलं की तपासणीला जायची पगारी सुट्टी (जाण्यायेण्याच्या वेळेसकट) मिळते, कामातले धोके तपासायची जबाबदारी मालकावर येते, आणि कपात आली तर नोकरीला जास्तीचं संरक्षण मिळतं. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. घरच्यांना सांगू नका हवं तर, पण वॉर्डात पेशंट उचलायचं काम असेल तर मॅनेजरला सांगाच.

रजा प्रसूतीच्या आठवड्याआधी 11 आठवड्यांपासून कधीही सुरू करता येते. पण शेवटच्या चार आठवड्यांत गरोदरपणाच्या कारणाने एक दिवस जरी आजारी रजा टाकलीत, तर मॅटर्निटी रजा दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुरू होते. पाठ धरली म्हणून सुट्टी घ्यायची वेळ आली तर त्या चार आठवड्यांत हक्काची वार्षिक सुट्टी लावा.

वार्षिक सुट्टी तर सोन्यासारखी आहे. रजेवर असतानाही ती जमा होत राहते, कायद्याने वर्षाला 5.6 आठवडे, म्हणजे पूर्णवेळवाल्यांना 28 दिवस. काहीजणी ती रजेच्या शेवटाला जोडतात. त्याहून चांगला उपयोग असा: कामावर परतल्यावर दर आठवड्याला एक दिवस सुट्टी लावायची. पगार पूर्ण, हजेरी चार दिवस, आणि सहा महिने नर्सरीचा एक दिवस वाचतो. मॅनेजरची मान्यता लागते, म्हणून रजेवर जायच्या आधीच बोलून ठेवा.

नर्सरीचं गणित व्हिसावर ठरतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2025 पासून नोकरदार आईबापांच्या मुलांना 9 महिन्यांपासून आठवड्याला 30 तास सरकारी खर्चाने, वर्षाला 38 आठवडे. ऑफिसातली इंग्रज मैत्रीण सांगते, ‘अगं, फुकट आहे आता.’ तिला आहे. तुमच्या ई-व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ ही ओळ असेल आणि नवऱ्याच्याही असेल, तर हे 30 तास मिळत नाहीत, टॅक्स-फ्री चाइल्डकेअर मिळत नाही, चाइल्ड बेनिफिटही नाही. दोघांपैकी एकाला तरी आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व मिळालं असेल तर चित्र बदलतं. तोवर तुमच्या वाट्याला येतात ते तीन वर्षांनंतरचे 15 तास, जे व्हिसा न बघता सगळ्या मुलांना आहेत. उत्पन्न आणि बचत ठरावीक मर्यादेखाली असेल तर दोन वर्षांच्या मुलांसाठीही 15 तास आहेत, कौन्सिलला विचारा.

नर्सरी एवढी महाग का, तर दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक माणूस ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दिवसाला 70 पौंड दर धरा, पाच दिवस, वर्षाला 51 आठवडे: महिन्याला साधारण 1,490. वरच्या 3,000 पगारातले टॅक्स जाऊन 2,450 हातात येतात, त्यात पेन्शन आणि ट्रेनचा पास अजून धरलेला नाही. बँक हॉलिडेचे पैसे लागतात, मूल आजारी असलं तरी लागतात. उलटी-जुलाब झाले की शेवटच्या जुलाबानंतर 48 तास मुलाला घेत नाहीत, आणि पहिल्या हिवाळ्यात हे वारंवार होतं. उशिरा न्यायला गेलात तर वेगळा दंड.

सगळ्यात जास्त ओढाताण परतायच्या महिन्यात होते. नर्सरीला डिपॉझिट लागतं, पहिल्या महिन्याची फी आगाऊ लागते, मूल रुळावं म्हणून आधी काही दिवस थोडा थोडा वेळ बसवावं लागतं, आणि तुमचा पहिला पूर्ण पगार महिनाअखेरीला. त्याआधीचे तीन महिने बिनपगारी गेलेले असतील तर हात अगदीच रिकामा असतो. म्हणून डिपॉझिट आणि दोन महिन्यांची फी रजेवर जायच्या आधीच वेगळ्या खात्यात टाका. नाव सहाव्या-सातव्या महिन्यातच नोंदवा, चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी असते. ऑफस्टेडकडे (पाळणाघरं तपासणारी सरकारी संस्था) नोंद असलेली चाइल्डमाइंडर म्हणजे घरगुती पाळणाघर. ती बऱ्याचदा स्वस्त पडते, वेळेलाही थोडी सैल असते, पण ती आजारी पडली की त्या दिवशी तुमचं पाळणाघर बंद.

अर्धवेळ काम करू म्हणणाऱ्यांनी जपून. स्किल्ड वर्कर व्हिसा तुमच्या नावावर असेल तर मॅटर्निटी रजेने त्याला धक्का लागत नाही. पण परतल्यावर तास कमी करून पगार व्हिसाच्या किमान मर्यादेखाली गेला तर व्हिसाच अडचणीत येतो. डिपेंडंट, म्हणजे जोडीदाराच्या आधाराने मिळालेल्या, व्हिसावर जो असेल त्याला अशी मर्यादा नाही, त्यामुळे तास कमी करायचे तर त्याने करावेत, मग तो नवरा असला तरी. दुसरा मार्ग म्हणजे कॉम्प्रेस्ड अवर्स: तेवढेच तास चार दिवसांत. पगार तोच, व्हिसा सुरक्षित. दोघांनी वेगवेगळ्या वारी सुट्टी धरली तर नर्सरी तीनच दिवस, म्हणजे 1,490 ऐवजी 890. एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो आणि मालकाला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज परतायच्या तीन महिने आधी टाका.

आईला किंवा सासूबाईंना बोलवायचं सगळ्यांच्याच मनात असतं. व्हिजिटर व्हिसावर त्या एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, लेकीचं बाळंतपण आणि नातवाला सांभाळायला हातभार यालाही हरकत नाही. पण त्यांच्या जिवावर वर्षभराची नर्सरी वाचवायचा बेत आखू नका. एका मागोमाग एक फेऱ्या दिसल्या की व्हिसा अधिकारी ‘भेट’ मानत नाहीत, आणि नर्सरीची सोडलेली जागा परत मिळत नाही. अर्जात खरं कारण लिहा. बीपी-शुगर लपवून इन्शुरन्स काढू नका. पाहुण्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं तर एनएचएस मूळ दराच्या दीडपट बिल लावतं. आणि येताना बॅगेत कंदी पेढे आणि तुपाचा डबा नको, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला इथे बंदी आहे. तासगावचा पाकीटबंद बेदाणा आणि सुंठपूड आणा.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. जीपीची, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरची, वाट न बघता हॉस्पिटलच्या मॅटर्निटी विभागाकडे थेट नाव नोंदवता येतं. पहिली भेट 10 आठवड्यांच्या आत व्हावी. सगळं सुरळीत असेल तर सोनोग्राफी दोनच, 12 आणि 20 आठवड्यांच्या सुमारास. सांगलीत दर महिन्याला होते म्हणून इथे दुर्लक्ष होतंय असं समजू नका. आपल्या वंशात मधुमेह जास्त म्हणून 24 ते 28 आठवड्यांत साखरेची चाचणी करतात, झाली नाही तर विचारा. मोफत औषधांचं मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिडवाइफकडून काढून घ्या, बाळंतपणानंतरही वर्षभर चालतं. पहिलं मूल तिकडे सिझेरियनने झालं असेल तर ऑपरेशनची नोट गावाहून मागवून ठेवा. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर गर्भाशयाला छेद कसा दिला हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, आणि पुढची प्रसूती नॉर्मल करायची का, हे त्यावर बरंच ठरतं.

बाळाच्या कागदांचा खर्च मात्र बहुतेकजण धरतच नाहीत. आईबाप दोघं व्हिसावर असतील तर इथे जन्मलेलं मूल आपोआप ब्रिटिश होत नाही. जन्माची नोंद 42 दिवसांत, मग भारतीय हाय कमिशनकडे नोंद आणि पासपोर्ट, मग डिपेंडंट व्हिसा. एनएचएसचे मोफत उपचार पहिले तीन महिने आहेत, म्हणून व्हिसाचा अर्ज त्याच्या आत टाका. फीशिवाय मुलाचा सरचार्ज वर्षाला 776 पौंड (हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांच्या मुलांना तोही माफ). तुमच्या व्हिसाची अडीच वर्षं उरली असतील तर 1,940 पौंड एकरकमी, तेही तुम्ही आठवड्याला 187 वर घर चालवत असताना. हा व्हिसा हातात येईपर्यंत बारशाला साताऱ्याला जायची तिकिटं काढू नका. तो नसेल तर बाळाला परत इंग्लंडला आणण्यासाठी भारतातून नवा अर्ज करावा लागतो आणि तेवढे दिवस तुमची रजा तिकडेच संपत राहते.