जुना फ्लाय-व्हाइस: घेताना, साफ करताना, वापरताना

मासेमारीच्या गळावर पिसं-दोरा बांधून माशीसारखं आमिष करतात, तो माशीचा गळ. तो बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारं छोटं अवजार म्हणजे फ्लाय-व्हाइस. असा जुना व्हाइस भंगारात किंवा आठवडी बाजारात दिसला, तर रंग, पॉलिश बघू नका. आधी जबडे बघा. थॉम्पसन मॉडेल ए या अमेरिकी व्हाइसच्या घडणीत खटका दाबला की फटीचे जबडे नळीत मागे ओढले जातात आणि आवळतात. जबडे मिटून उजेडासमोर धरा. टोकाशी फट दिसली, किंवा टोक तुटलेलं असलं, तर बारीक गळ टिकणार नाही. असा व्हाइस सोडून द्या. टेबलाला लावायचा शिकंजा मात्र गावातला लेथवालाही करून देतो.

गंजलेला व्हाइस रात्रभर डिझेलमध्ये बुडवा, आगीपासून दूर. मग पितळी ब्रशने घासा. ग्राइंडर लावूच नका. तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि जबडे मऊ पडतात. नळीच्या आत आणि खटक्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. टोकं कोरडी पुसा, नाहीतर गळ सरकतो.

गळाचा बाक जबड्यात धरा, गळाची दांडी आडवी ठेवा. मागची चकती फिरवून जाडी जुळवा. खटका जोर न लावता बसला पाहिजे. जोर लावावा लागला तर चकती सैल करा. बहुतेक जबडे इथेच मोडतात. नंतर दांडी बोटाने खाली दाबून सोडा: ती लवून परत आली तर पकड बरोबर. मोठा गळ जबड्यात खोल, बारीक गळ टोकाशी.

वैनगंगेकाठच्या दमट पावसाळ्यात काम झालं की तेलाच्या फडक्यात गुंडाळा आणि खटका सैल ठेवा.