पॅडल नसलेली गाडी: मोठ्या चाकांची किक स्कूटर घेताना या चुका टाळा

पहिल्या दिवशी निघालो तेव्हा पारावरून आवाज आला, "सर, पॅडल इसरले काय जी कंपनीवाले?" तीन वर्षं झाली, प्रश्न अजून येतो, विचारणारे तेवढे बदलतात. शाळा घरापासून सहा किलोमीटर. हिंगणघाट तालुक्यातला सपाट मुलूख, पाच किलोमीटर डांबरी आणि शेवटचा एक पांदणीतून. पोट सुटलं होतं, मोटरसायकलवर बसून ते जाणार नव्हतं, आणि सायकलच्या सीटवर दहा मिनिटांत कंबर धरायची. म्हणून ही उभ्याने चालवायची गाडी घेतली.

ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे सायकलीएवढं चाक, मागे जरा लहान, मधे जमिनीलगत बुटकी फळी. एक पाय फळीवर, दुसऱ्याने जमीन मागे सारायची. सीट नाही, चेन नाही, गियर नाही. फिनलंडमध्ये बर्फावर अशीच पायाने ढकलायची घसरगाडी असते. तिच्याच धर्तीवर चाकांची गाडी तिथे १९९०च्या दशकात निघाली. चेक देशात तर मोठी माणसं यावर रोजची कामं करतात. तिकडे काँगोत गोमा शहराच्या आसपास लोक लाकडाची असली गाडी बनवतात आणि तिच्यावर बटाट्याची, कोळशाची पोती लादतात. आपल्या बंडीची दूरची नातलगच म्हणायची.

मी चुका भरपूर केल्या. काही पैशाच्या होत्या, काही गुडघ्याच्या.

पहिली चूक: खेळण्याच्या दुकानातून गाडी घेणं

माझी पहिली स्कूटर घडीची होती. चाकं वीस सेंटिमीटरची, टणक रबराची. शहरातल्या गुळगुळीत फरशीवर छान पळाली. गावच्या रस्त्यावर गिट्टी उखडलेल्या जागी चाक खड्ड्यात बसलं ते बसलंच, मी हँडलवरून पुढे. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्याच्यावरून निघून जातं, एवढा साधा हिशेब. आपल्याकडे पुढचं चाक निदान २० इंचाचं हवं, २६ असेल तर उत्तम, आणि टायर हवा भरायचं. ती घडीची गाडी आता भाचा अंगणात फिरवतो.

फळीची उंची न मोजणं

इथे जरा थांबतो, कारण लोक रंग बघतात, ब्रँड बघतात, वजन बघतात, आणि ही एक गोष्ट कुणी बघत नाही.

पाय जमिनीवर टेकवायचा तर फळीवरचा गुडघा दर वेळी वाकवावा लागतो. फळी जितकी उंच तितकं जास्त वाकायचं. एका ढकलीत गाडी चार मीटर जाते असं धरा, म्हणजे सहा किलोमीटरला दीड हजार वेळा वाकणं आलं. फळी दोन सेंटिमीटर उंच असली तर दीड हजार गुणिले दोन, म्हणजे तीस मीटर. आपलं शरीर दहा मजल्यांइतकं जास्त खाली-वर करायचं, तेही एका पायावर. दुकानात दोन सेंटिमीटर काहीच वाटत नाहीत. शाळेत पोहोचून फळ्याजवळ उभं राहताना वाटतात.

मग सगळ्यात बुटकी फळी घ्यावी? तीही चूक, कारण मधे गतिरोधक आहेत. डांबरी रस्त्यासाठी बनवलेल्या काही गाड्यांच्या फळीखाली जेमतेम चार सेंटिमीटर जागा असते. आमच्या गावात शिरताना तीन गतिरोधक आहेत आणि तिन्हींवर माझी फळी खरडली.

गंमत अशी की दोष गतिरोधकाच्या उंचीत नाही, रुंदीत आहे. नियमाप्रमाणे केलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद असतो. इतका पसरट की त्यावर दोन्ही चाकं एकदमच चढलेली असतात आणि फळीखाली दीड सेंटिमीटर जागा असली तरी गाडी निघते. आपल्याकडचा कसा असतो तुम्हाला माहीत आहे. रात्रीतून कुणीतरी सिमेंटचा वरवंटा ओतावा तसा, हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्याच्या एका बाजूला पुढचं चाक, दुसऱ्या बाजूला मागचं, आणि मधे फळी त्यावर बसते.

घ्यायच्या आधी मोजून घ्या. गाडीच्या दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर माहितीत दिलेलं असतं, मोठ्या गाडीत ते साधारण सव्वा मीटर. तेवढ्या लांबीची सरळ काठी घ्या, तिचा मध्य गतिरोधकाच्या माथ्यावर ठेवा, काठी आडवी सरळ धरा आणि दोन्ही टोकांखाली जमिनीपर्यंत किती जागा राहते ते बघा. फळीखाली तेवढी मोकळी जागा हवी. तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट गतिरोधकाला आठ-दहा सेंटिमीटर लागत असतील तर त्याच्यासाठी उंच फळी घेऊन रोज गुडघे झिजवू नका. तिथे उतरा आणि चार पावलं गाडी ढकला. मी फळीखाली काडेपेटी उभी मावेल एवढी जागा ठेवली आहे, म्हणजे पाचेक सेंटिमीटर. दोन गतिरोधक निघतात, तिसऱ्याला उतरतो. काही गाड्यांत फळी वर-खाली करायची सोय असते. पावसाळ्यात पांदणीसाठी वर, एरवी खाली. ती मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

टायरचा "नंबर" इंचात वाचणं

दुसऱ्या गाडीचं पुढचं चाक २८ इंची होतं. दिवाळीच्या सुमारास टायर काचेवर फाटलं. म्हटलं, यात काय एवढं, आपल्या बाबांच्या काळ्या सायकलीचं टायर २८च असतं आणि ते आठवडी बाजारातही मिळतं. आणलं. पंक्चरवाला अर्धा तास झटला. टायर रिंगेवर चढायचं सहज, पण हवा मारली की एका बाजूने बाहेर यायचं. "अठ्ठावीसचंच होय जी सर, बसत कसं नाही!" तो रिंगेवरच चिडला.

चूक ना त्याची ना रिंगेची. इंचाचा आकडा फसवा असतो. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत मिलिमीटरमध्ये दुसरा आकडा असतो, टायर रिंगेवर जिथे बसतं तिथल्या व्यासाचा, खरा तो. आपल्या जुन्या डबल रॉडच्या सायकलीचं २८ म्हणजे ६३५. युरोपातून आलेल्या स्कूटरचं २८ म्हणजे ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, टायर बसेल कसं? २६ इंचातही तेच. लेडीज सायकलचं जुनं २६ म्हणजे ५९०, आणि जाड टायरच्या रेंजर सायकलचं २६ म्हणजे ५५९. वीस इंचात मुलांच्या सायकलीचं जाड टायर ४०६, बारीक टायर ४५१.

म्हणून उलट्या दिशेने चाला. आधी तालुक्याच्या सायकल दुकानात जा, कोणते टायर-ट्यूब कायम असतात ते विचारा, कडेचा आकडा वाचा, आणि मग त्या आकड्याची स्कूटर शोधा. माझ्या मते आपल्याकडे पुढे ५५९ आणि मागे ४०६ ही जोडी सगळ्यात बिनघोर. पुढे ६२२ असलेलीच हवी असेल तर टायर वर्ध्यात किंवा नागपुरात गियरच्या सायकली विकणाऱ्याकडे मिळतं. २९ इंची सायकलीचं टायरही ६२२च असतं, पण ते जाड, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात घासतं का ते आधी बघा. पुढचं-मागचं एकेक टायर घरात आणून ठेवा, उन्हात नको.

ट्यूबचा वॉलही बघा. बारीक, लांब, टोकाला पितळी पेच असलेला वॉल आला तर गावातला पंप त्याला लागत नाही. मोटरसायकलसारखा जाड वॉल घ्या, पेट्रोल पंपावरही हवा मिळते. मात्र रिंगेचं भोक बारीक वॉलचं असेल तर जाड वॉल त्यात जात नाही. तेव्हा बारीक वॉलवर चढवायची पितळी टोपी मिळते, ती चाव्यांच्या जुडग्यात अडकवून टाका.

काट्यांना कमी लेखणं

बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटा दिसत नाही. पिवळ्या फुलांचा तो वेल रस्त्याच्या कडेला मुरमात पसरलेला असतो आणि ट्रॅक्टरला बाजू द्यायला तुम्ही नेमके तिथेच उतरता. एका पावसाळ्यानंतर मी आठ दिवसांत चार पंक्चर काढले. उपाय जुनाच कामी आला: निकामी ट्यूब उभी कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मधे पट्टी म्हणून घालायची, दोन्हींमध्ये टाल्कम पावडर भुरभुरायची म्हणजे घासत नाही. गाडी थोडी जड चालते. चालू द्या.

काळ्या मातीचं वेगळंच. पाऊस पडून गेल्यावर पांदणीत शिरलात तर शंभर पावलांत मडगार्ड आणि टायर यांच्यामधे चिखल ठासून चाक फिरायचं थांबतं. तुराटीने खरवडा, पुन्हा भरतो. त्या चार महिन्यांसाठी मी मडगार्ड काढून ठेवतो, आणि अगदीच झालं तर गाडी खांद्यावर मारतो. दहाएक किलोची असते, घागरीपेक्षा जड नाही.

वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेताना

आयात केलेली गाडी महाग पडते, म्हणून आमच्या एका मित्राने भंगारातल्या दोन सायकलींची बनवून घेतली. बेत चांगला होता. पण वेल्डिंगवाल्याने लोखंडी पत्रा वीतभर रुंद लावला, दर ढकलीला घोटा त्याच्या कडेवर आपटायचा. फळी जोडा मावेल इतकीच रुंद हवी, कोपरे गोल, आणि मागे चाकाकडे निमुळती. मागच्या चाकाचे नटही बाहेर येऊ देऊ नका. तिथे घोटा लागला की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. नट आखूड घ्या, वर प्लॅस्टिकची टोपी घाला. आणि सायकलीचा चिमटा वापरताना तो वाकवून "सरळ" करू नका. त्याचा पुढचा बाक काढला की हँडल वळवायला जड होतं. मित्राच्या गाडीला मागे ब्रेकच नव्हता. तो म्हणाला, पाय आहे ना. उतारावर त्याचा जोडा संपला.

चालवताना

एकाच पायाने ढकलत राहणं ही सगळ्यांची चूक. उजवा पाय सवयीचा, मग डावा गुडघा महिन्याभरात बोलू लागतो. पाच-सहा ढकली झाल्या की पाय बदला. फळीवरच्या पायाची टाच बाहेर फिरवा, रिकाम्या जागेत दुसरा पाय ठेवा, पहिला उचला. आधी अंगणात जमवा. पाय पुढच्या चाकाजवळ टेकवून मागे ओढत न्या. खूप मागे टेकवला तर नुसती धूळ उडते. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दुखतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं, एक दिवसाआड पुरे. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

चप्पल नको. नको म्हणजे नकोच. जोड्याचा तळ मात्र लवकर झिजतो.

हँडल बेंबीच्या आसपास असू द्या, खाली ठेवलं की पाठ धरते. डबा, भाजीची थैली हँडलला अडकवू नका. वळताना ती तारांत जाते, माझी गेली आहे. पाठीवर सॅक घ्या नाहीतर पुढे टोपली लावा. वेगाबद्दल मनात मांडे खाऊ नका. रोजच्या चालीत ताशी बारा-पंधरा किलोमीटर, सायकलपेक्षा कमी आणि दम जास्त. बाजाराला वीस किलोमीटर जायचं असेल तर एसटी आहे. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत घरी. समृद्धी महामार्गाचं सुंदर काँक्रीट बघून मोह होतो, पण तिथे दुचाकीला आणि पायी माणसालाही बंदी आहे. संध्याकाळी गुरं परतताना मागे लाल दिवा लावा. मोटार नसल्याने लायसन लागत नाही, पण दिसायला तर लागतंच.

काही बिघडलं तर

पुढून टक टक आवाज येतो: पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी ढिलेपणा हाताला लागला तर तिथला नट घट्ट आवळा. तरी आवाज राहिला तर छर्रे गेलेत. गाडी अचानक जड चालते: आधी हवा बघा, मग ब्रेकचं रबर रिंगेला घासतंय का ते बघा, मग चाक आउट आहे का. चेनच नसल्याने याहून फारसं काही बिघडत नाही, आणि हेच मला या गाडीत सगळ्यात आवडतं.

ब्रेकचं एक मात्र घेतल्या दिवशीच तपासा. आपल्या सायकलीत, मोटरसायकलीत उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. युरोपातून आलेल्या गाडीत बहुधा उलटं असतं, उजवा मागचा आणि डावा पुढचा. घाबरलेला हात सवयीने दाबतो. मी बकरी आडवी आली तेव्हा हळूच म्हणून डावा दाबला आणि मागचं चाक उचललं. बकरीला काही झालं नाही. पंक्चरवाल्याकडून दोन्ही केबल आपापसांत बदलून घ्या, आखूड पडली तर नवी टाका, आणि पहिल्यांदा ब्रेक लावून बघाल तो गाडी हातात धरून, चालत चालत.