पाण्यावर चर्चासत्र भरवताय? या चुका टाळा

दुपारचे साडेचार. सभागृहातले निम्मे लोक प्रमाणपत्र घेऊन एसटी गाठायला निघाले होते. मागच्या रांगेत जवळच्या गावातले एक शेतकरी मांडीवर वही घेऊन सकाळपासून बसले होते. वीसेक वर्षं दर पंधरवड्याला दोरीला दगड बांधून त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी मोजलं होतं. पाण्याची खोली परस आणि हात या जुन्या मापांत लिहिलेली, शेजारी त्या वेळी शेतात कोणतं पीक उभं होतं त्याची नोंद. दिवसभरात त्या सभागृहात आलेला सगळ्यात मोलाचा दस्तऐवज तोच होता, आणि त्यांच्या वाट्याला आली सहा मिनिटं. आयोजन समितीत मी होतो. तेव्हापासून अशा चर्चासत्राची कार्यक्रमपत्रिका हातात आली की मी आधी वेळा बघतो.

साडेदहाचं उद्घाटन साडेअकराला सुरू होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाच मनोगतं, अध्यक्षीय भाषण. बीजभाषण संपेपर्यंत जेवणाची वेळ होते आणि दुपारच्या तांत्रिक सत्रात चाळीस जणांना प्रत्येकी चार मिनिटं मिळतात. चार मिनिटांत प्रस्तावनाच संपत नाही, मग प्रश्न कोण विचारणार? उद्घाटन पाऊण तासात आटपा, मनोगतं दोनच ठेवा, शोधनिबंध पंधरा निवडा आणि बाकीच्यांना भित्तिपत्रकं लावू द्या. हे प्राचार्यांना महिनाभर आधी पटवून द्यावं लागतं. त्या दिवशी मंचावर चिठ्ठी पाठवून काही होत नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्या शेतकऱ्यांना बीजभाषणाच्याही आधी बोलावलं, वहीची पानं पडद्यावर मोठी करून दाखवली. भूगोलाच्या मुलींनी त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. भूगर्भशास्त्र त्या दिवशी खऱ्या अर्थाने शिकवलं गेलं.

आता एककांचं. सर्वात जास्त घोळ इथेच होतो आणि सत्राध्यक्षही तो सोडून देतात. ‘धरणातून 40 हजार क्युसेक पाणी सोडलं’ आणि ‘धरणात 40 टीएमसी पाणी आहे’ ही वाक्यं एकाच तक्त्यात बसवलेली मी पाहिली आहेत. क्युसेक म्हणजे विसर्ग, सेकंदाला एक घनफूट. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट, सुमारे 28.3 दशलक्ष घनमीटर. साधारण 11,574 क्युसेकचा विसर्ग सलग 24 तास चालला की एक टीएमसी पाणी जातं. हे गणित एकदा फळ्यावर करून दाखवा, विद्यार्थी पुन्हा चुकत नाहीत.

त्याच्याच जोडीची चूक एकूण साठा आणि उपयुक्त साठा यांची. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे 102 टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे 76. टक्के उपयुक्त साठ्याचे धरतात, म्हणून ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी येते तेव्हा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, कोरडा पडलेला नसतो. सुमारे 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे विसर्गद्वारांच्या पातळीखालचं पाणी, तळाशी असतो. उजनीचे आकडे उणेत जातात तेही याचमुळे, मृतसाठ्यातलं पाणी उचललं जातं तेव्हा. ज्या निबंधात हे स्पष्ट केलेलं नाही, त्यातले पुढचे सगळे निष्कर्ष डगमगतात.

विजेचंही तसंच. मेगावॉट ही क्षमता, युनिट ही प्रत्यक्ष वीज. एक मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने वर्षभर चालला तर 87.6 लाख युनिट होतील. सौर प्रकल्पाला रात्र आहे, ढग आहेत, त्यामुळे तोच एक मेगावॉट वर्षाला पंधरा लाख युनिटांच्या आसपास देतो. कोळशाचे 500 मेगावॉट बंद करून सौरचे 500 लावा, असं लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हिशेब मात्र चुकलेला असतो. सौरऊर्जेची बाजू भक्कम आहे. ती खऱ्या आकड्यांनीच मांडली पाहिजे. गोषवाऱ्यात एकक, वर्ष आणि आकडा कुठून घेतला हे नसेल, तर तो परत पाठवा.

विहिरींच्या नोंदींत आणखी एक फसगत होते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी पावसानंतर भरतात आणि उन्हाळ्यात खाली जातात, हे गावातल्या कोणालाही ठाऊक आहे. तरी एका वर्षाची ऑक्टोबरची पातळी दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून ‘भूजल इतकं घटलं’ असं मांडलं जातं. मे मेशी ताडायचा, ऑक्टोबर ऑक्टोबरशी, आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस. निरीक्षण विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असतात. अर्ज वेळेत करा. पाऊसही तालुक्याची सरासरी न घेता महसूल मंडळानुसार घ्या, कारण सरासरीत कोरडं राहिलेलं मंडळ दिसेनासं होतं.

एका अवकाळीवरून किंवा एका गारपिटीवरून हवामान बदल सिद्ध होत नाही. हवामानाची सरासरी निदान तीस वर्षांची धरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने 2020 मध्ये आलेल्या अहवालात 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढल्याचं दिलं आहे. निबंधाची सुरुवात पॅरिस करारापासून करणाऱ्यांनी आधी हा अहवाल उघडावा.

पाणी एका सभागृहात, ऊर्जा दुसऱ्यात, धोरण तिसऱ्यात, असे समांतर ट्रॅक पाडू नका. कोयना डोळ्यांसमोर आणा. धरण साताऱ्यात, साठा सुमारे 105 टीएमसी, प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट. पाणी नदीतून पूर्वेकडे सोडलं तर खाली सिंचनाला मिळतं. बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे वळवलं तर जास्त वीज होते आणि पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीला जाऊन मिळतं. पश्चिमेकडे किती वळवायचं याची मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घातलेली आहे. म्हणजे सिंचन, वीज आणि कायदा एकाच थेंबात आले. अभियंता, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि वकील एका टेबलाशी बसल्याशिवाय हा विषय उलगडत नाही. विद्यार्थ्यांना तो उलगडताना पाहायला मिळावा म्हणून तर सगळा खटाटोप.

शोधनिबंध आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. नोंदणी शुल्कात प्रकाशनाचे पैसे मिसळले की निबंध नाकारणं अवघड होतं. आयएसएसएन क्रमांक असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो फक्त ओळख क्रमांक आहे.

शेवटी ठराव. ‘जलसाक्षरता वाढवावी’ हा ठराव कोणाला पाठवणार? त्याऐवजी असं लिहा: तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची ऑक्टोबरची पातळी दर वर्षी त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मग पत्र गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे जातं, प्रत भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला. आवक क्रमांक घ्या, तो चर्चासत्राच्या अहवालात छापा, आणि नोव्हेंबरात दोन विद्यार्थ्यांना फलक बघायला पाठवा.