इंजिन काम झालेला ट्रॅक्टर हादरत असेल, तर पंप उतरवण्याआधी डिझेलची लाइन तपासा

उन्हाळ्यात लाइनर-पिस्टन बदलून आणि क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) घासून आणलेल्या ट्रॅक्टरांचे दुखणे बहुधा रोहिणी नक्षत्रात बाहेर येते, कारण पूर्ण ताणाचे काम त्यांच्यावर तेव्हाच प्रथम पडते. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. त्यानंतर काळ्या जमिनीत वाफसा मोजके दिवसच टिकतो, आणि नेमक्या त्या दिवसांत ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये उघडा पडलेला असल्यामुळे पेरणी हुकलेले शेतकरी मी दरवर्षी पाहतो.

यातील बहुतेकांची चूक एकच असते. इंजिनावर मोठा खर्च केला जातो, पण डिझेलची टाकी धुतली जात नाही, नळ्या जुन्याच राहतात आणि फिल्टरच्या बँजो बोल्टला (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तेच चेपलेले तांब्याचे वायसर पुन्हा बसवले जातात. गेल्या हंगामात आमच्या शिवारातील एका तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा) दोनदा उतरवून कॅलिब्रेट करून, म्हणजे त्यातून सुटणारे डिझेल मोजून जुळवून आणला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझलही नवे घातले, तरी हादरे कायम होते. शेवटी टाकीकडून फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) येणाऱ्या नळीचा वायसर काढून नखाने चाचपला, तेव्हा त्यावर केसाएवढी चर लागली. वायसर बदलून लाइनमधली हवा काढली आणि इंजिन शांत झाले. तोपर्यंत वाफसा मात्र उडून गेला होता.

ही गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि जोड कोरडाच राहतो. माझा अनुभव असा की टाकी भरलेली असताना इंजिन बरे चालत असेल आणि निम्म्यावर आल्यावर घुटमळत असेल, तर दोष नव्वद टक्के याच भागात सापडतो. खात्रीसाठी फिल्टरकडे येणाऱ्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहावा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे धावताना दिसले, तर पंपाला हात लावू नये.

बुडबुडे नसतील, तर एखादा सिलिंडर बंद आहे का ते पाहावे. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत तीन ठोके पडतात. त्यातला एक गळाला की ठरावीक तालात झटका बसतो. रबरी माउंटिंग नसलेल्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनच सांगाड्याचा भाग असल्यामुळे हा झटका थेट स्टिअरिंगपर्यंत पोचतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर, संथ गतीत, नोझलच्या नळीचा नट पान्याने एकेक करून किंचित सैल करावा. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. नटावर जाड फडके धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि बोट धारेजवळ नेऊ नये, कारण या दाबाचे डिझेल कातडीत शिरते. कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून अतिशय जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनावर हा प्रयोग कदापि करू नये.

बंद सापडलेल्या सिलिंडरचा नोझल काढून खाली किती वायसर आहेत ते मोजावे. जुना आत चिकटलेला असताना त्यावर नवा बसवण्याची चूक घाईच्या कामात होते. नोझल शेजारच्या सिलिंडरला लावल्यावर दोष त्याच्याबरोबर गेला, तर तो नोझल तपासून घ्यावा; दोष जागीच राहिला, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) पाहावे. सगळेच सिलिंडर सारखे चालत असतील आणि पांढरा धूर किंवा कडक ठोका असेल, तर पंपाचे टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ) व गिअरच्या खुणा जुळवाव्यात. धूर स्वच्छ असून फक्त थरथर असेल, तर क्लच दाबून पाहावे. थरथर बदलली तर दोष क्लचकडे आहे, न बदलल्यास फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचे जड चाक) नीट बसले आहे का आणि पिस्टन एकाच वजनाचे घातले आहेत का, हे मिस्त्रीला विचारावे.

इतर कामे:
- टॅपेट थंड इंजिनावर, ट्रॅक्टरच्या माहिती पुस्तकातील मापाने.
- पहिले ऑइल व फिल्टर 50 तासांनी, किंवा पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.
- हेडचे बोल्ट पुस्तकात सांगितले असेल तरच पुन्हा आवळावेत.
- नवे इंजिन तासन्‌तास रिकामे चालवू नये.

दुकानदार हादऱ्यांवर डिझेलमध्ये टाकायची बाटली देतात. ती घेऊ नये, कारण फटीतून येणारी हवा औषधाने थांबत नाही. पंप कॅलिब्रेशनला होकार देण्याआधी मिस्त्रीला बुडबुडे दाखवायला सांगावे. टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी पाणी किंवा गाळ दिसला, तर टाकी उतरवून धुवावी आणि डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलावेत. पेरणी यंत्र जोडण्याआधी, टाकी निम्म्यावर असताना, ट्रॅक्टर दोन तास नांगरटीत किंवा रोटाव्हेटरवर चालवून पाहावा.